गाऱ्हाण्यातली मळ्याची ओळ

हेदवण, ता. मालवण
२१ ऑगस्ट १९५७

प्रिय भाई,

नमस्कार वाकून करते, पण पत्र वाकून लिहिणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुमच्या मुंबईच्या मंडळाने स्वातंत्र्यदिनासाठी पाठवलेले बिस्किटांचे डबे पोचले. एस.टी.च्या टपावर भिजल्यामुळे निम्मी बिस्किटं मऊ पडली होती, पण मुलांनी तक्रार केली नाही. झेंडावंदन झालं, बिस्किटं वाटली, आणि 'भारतमाता की जय' म्हणेपर्यंत संपलीसुद्धा. राहिले ते डबे. पत्रा चांगला जाड आहे. प्रत्येक डब्यावर तांबड्या रंगात लिहिलंय, 'कै. बाबू यांच्या स्मरणार्थ, चिरंजीव हरिश्चंद्रशेठ यांजकडून'. मी डब्यांच्या तळाला खिळ्याने भोकं पाडून घेतली आणि वर दोरीच्या मुठी बांधल्या. पाऊस गेला की याच झाऱ्यांनी मळा शिंपायचा.

कसला मळा म्हणून विचारशील. दोन वर्षांत घरी फिरकला नाहीस, तुला कुठून ठाऊक असणार! शाळेच्या मागे व्हाळाच्या पाण्यापर्यंत उतरत गेलेली देवाची पडीक जागा आठवते ना, जिथे आपण घाणेरीची फळं खायचो? ती मुलांनी आणि मी साफ केली. लाल भाजी, मुळा, वाली, भेंडी, कडेला केळी आणि पपया. वेळापत्रकात शेतीकाम हा विषय आहेच, तो मी खरोखर शिकवते एवढंच.

हे खूळ डोक्यात शिरलं ते मथुरेमुळे. खालच्या वाडीतल्या लक्ष्मीची मुलगी, तिसरीत आहे. गेल्या वर्षी तिन्हीसांजेला ती व्हाळात पडली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणते, "बाई, दिवे लावच्या वेळार माका कायच दिसणा नाय." मी तिला घेऊन मालवणला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, मुलगी खाते काय? सकाळी काळा चहा, दुपारी पेज, रात्री पेज. ते म्हणाले, "रातांधळेपणा आहे. औषध मी देतो, पण खरं औषध तुमच्या परसात आहे. पाला खायला घाला."

भाई, मला रडू आलं आणि रागही आला. गावात प्रत्येकाच्या दारात शेगलाचं, तुमच्या मुंबईच्या भाषेत शेवग्याचं, झाड आहे आणि आपण त्याची भाजी वर्षातून एकदा खातो, गोकुळाष्टमीला! परवाच केली सगळ्यांनी. आता पुढच्या अष्टमीपर्यंत झाड उभंच. म्हणून मी ठरवलं, आमच्या शाळेत बुधवारी आणि शनिवारी अष्टमी. मुलं घरून मूठभर उकडे तांदूळ आणतात, मळ्यातली भाजी चिरतात आणि एका टोपात सगळ्यांची पेज शिजते. कुणाच्या घरचे तांदूळ कुणाच्या पेजेत गेले हे विचारायचं नाही, हा एकच नियम.

वहिनीला कुळथाची पिठी पाठवते आहे.

तुझी,
सुभद्रा

---

गिरगाव, मुंबई
८ सप्टेंबर १९५७

चि. सुभद्रेस आशीर्वाद.

कुळथाची पिठी मिळाली. तुझं पत्रही मिळालं, आणि ते माझ्यापुरतं राहिलं असतं तर मी हसून घडी घालून ठेवलं असतं. पण चतुर्थीला गावी गेलेल्या एका सभासदाने तुझे ते झारे डोळ्यांनी पाहिले आणि मंडळाच्या बैठकीत सांगितलं. हरिश्चंद्रशेठ खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, "माझ्या बापाशीच्या नावाक भोकां पाडलीत?" मी मंडळाचा चिटणीस, आणि भोकं पाडणारी माझी सख्खी बहीण. कुठे बघावं ते मला कळेना.

झाऱ्यांचं एक वेळ मिटवता येईल. पण शेठचा खरा राग मळ्यावर आहे. ते म्हणाले, "आमी कुदळ टाकून मुंबयक इलंव, ती काय पोरांनी परत कुदळ धरूची म्हणान?" आणि सुभद्रे, खरं सांगू? बैठकीत एकानेही मान हलवायची बाकी ठेवली नाही. मीही हलवली. आपल्या गावच्या मुलाने शाळेत जावं, चार बुकं शिकावी, गोदीत नाही तर पेढीवर चिकटावं, यासाठी आम्ही इथे एका खोलीत सातजण झोपून वर्गणी काढतो. तू त्यांच्या हाती पुन्हा माती देतेस.

आता महत्त्वाचं. शेठ आपल्या वडिलांच्या नावाने गावात रंगमंदिर बांधून देणार आहेत. सिमेंटचं, पक्कं. दशावतार, शाळेची संमेलनं, सगळं त्यावर होईल. जागा शाळेमागचीच ठरली आहे. ती देवाची, म्हणजे गावच्या मानाच्या घरांच्या, बारा-पाच मानकऱ्यांच्या शब्दातली. मार्गशीर्षात जत्रेला शेठ स्वतः येतील आणि गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालून झालं की देवासमोर सर्वांना विचारतील. नाही कोण म्हणणार?

तेव्हा पुढची लावणी करू नकोस. पोरांचा हिरमोड होईल. तू सरकारी नोकरीत आहेस, विधवा बाईमाणूस आहेस. शेठसारख्या माणसाशी वाकडं घेऊन तुझं भलं होणार नाही, हे मोठा भाऊ म्हणून सांगतो.

तुझा,
भाई

---

हेदवण
१७ सप्टेंबर १९५७

भाई,

लावणी केली. पत्र वाचून झाल्यावर लगेच केली. मुळ्याचे दोन वाफे वाढवले.

विधवा बाईमाणूस आहे हे मला माहीत आहे, गेली बारा वर्षं आहे. ते तू पत्रात लिहून काय नवीन सांगितलंस? तुझ्यासारखी मंडळाची चिटणीस झाले असते तर मीही मान हलवली असती कदाचित. बाईमाणूस आहे म्हणून ती ताठ राहिली.

मुंबईचं सोड, इथेही मला काही हार घातले नाहीत. पहिल्याच महिन्यात वरच्या वाडीतला बाबली काठी आपटत शाळेत आला. "बाई, झील माझो कुदळ धरूक शाळेत येता? कुदळ माझ्या घराकडे आसा." मी विचारलं, "तुझ्या घराकडच्या कुदळीन झिलाच्या ताटात काय पडता?" म्हणाला, "पेज." "आणि पेजेवांगडा?" म्हणाला, "मीठ." मी म्हटलं, "मगे तुझी कुदळ हयसर घेवन ये, मी शिकयतंय तिका." पोरं फिदीफिदी हसली. बाबलीही हसला, पण कुदळ घेऊन आला नाही. मुलाला मात्र शाळेतून काढलं नाही. गेल्या आठवड्यात त्याची बायको गुपचूप येऊन माझ्याकडून लाल भाजीचं बी घेऊन गेली.

तुम्ही लोक समजता, मी पोरांना शेतकरी करते. अरे, होतील ते गोदीत कारकून! होऊ देत! पण कारकून व्हायला डोळे लागतात की नाही? दिवेलागणीनंतर चाचपडणारा पोरगा तुमची मुंबई कुठल्या पेढीवर ठेवून घेणार आहे?

आणि आता शेठच्या वडिलांचं. बाबूआजोंना मी पाहिलंय, तूही पाहिलंयस. खांद्यावर कावड, दोन्ही बाजूंना घागरी, व्हाळापासून वर याच जागेतल्या मळ्यापर्यंत (तेव्हा ती पडीक नव्हती) दिवसभर खेपा. मुळे आणि वांगी मालवणच्या बाजारात नेऊन विकायचे आणि त्यातूनच हरिश्चंद्राचं मुंबईचं पहिलं तिकीट निघालं. त्या माणसाचं नाव पाण्याच्या झाऱ्यावर आहे. यापेक्षा योग्य जागा तू मला दाखव. बिस्किटाच्या डब्यावर ते नाव आलं तेव्हा खरा त्याचा अपमान झाला, कारण बाबूआजोंनी जन्मात बिस्कीट खाल्लं नव्हतं.

रंगमंदिराला माझी ना नाही. देवळाशेजारची मोकळी जागा काय कमी आहे? पण ती रस्त्यावरून दिसत नाही, शाळेमागची दिसते. शेठना दशावतार दाखवायचाय की पाटी दाखवायचीय?

एक गोष्ट लिहायची राहिली, खरं म्हणजे तीच आधी लिहायला हवी होती. परवा मी दिवेलागणीला देवळापाशी उभी होते. मथुरा धावत आली. "बाई! बाई! माका थंयसून देवळातली दिवटी दिसली!" मी तिला म्हटलं, खोटं बोलू नकोस. तर तिने माझ्या पदरावरचे ठिपके मोजून दाखवले.

मळा हटणार नाही.

सुभद्रा

---

गिरगाव, मुंबई
२८ ऑक्टोबर १९५७

चि. सुभद्रेस,

दिवाळीचे आशीर्वाद. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला, कारण उत्तर सुचत नव्हतं. मथुरेचं वाचून तुझ्या वहिनीने डोळे पुसले. तेव्हापासून ती रोज पालेभाजी आणते आणि माझ्याकडे बघून ताटात वाढते.

तरी सांगतो, विरोध आवर. तू म्हणतेस ते सगळं खरं धरलं, तरी शेठचं मन वळणार नाही. ते एकदा बोलले की बोलले. मी देवळाशेजारच्या जागेचं सुचवून पाहिलं. म्हणाले, "चिटणीस, तुमी भैणीकडसून पगार घेतास की मंडळाकडसून?" सगळे हसले. मंडळ पगार देत नाही, हे सांगण्यात काही अर्थ नव्हता.

आता एक अडचण आहे, आणि ती तुझ्यावाचून कुणाला सांगता येत नाही. सत्यवानकाकांचं पत्र आलंय की त्यांचा आवाज बसला आहे, दातही पडले. यंदा जत्रेला गाऱ्हाणं मी घालावं असं ते म्हणतात. मान आपल्या घराचा. बाबांच्या मागे तो माझाच, काका इतकी वर्षं माझ्याऐवजी घालत होते. मंडळातही सगळ्यांना आनंद झालाय, मुंबईकर चिटणीस गाऱ्हाणं घालणार म्हणून. शेठ तर म्हणाले, उत्तम, आपलाच माणूस गाऱ्हाणं घालील आणि लगेच आपण जागेचं विचारू.

पण सुभद्रे, मला गाऱ्हाणं येत नाही.

सुरुवात येते. मध्ये 'गुराढोरांक' कुठे येतं, 'वाकडा ता सरळ कर' आधी की नंतर, काही आठवत नाही. अख्ख्या गावासमोर अडखळलो तर लोक म्हणतील, मुंबईला जाऊन देवसुद्धा विसरला. काकांना विचारायची लाज वाटते. तू लहानपणी बाबांच्या मागे उभी राहून ओठ हलवायचीस आणि आई तुला मारायची, ते मला आठवतं. तुला पाठ असणार. लिहून पाठव. बोटीत पाठ करीन.

तुझा,
भाई

---

हेदवण
५ नोव्हेंबर १९५७

भाई,

पाठ आहे. बाईच्या तोंडून देवाला चालत नाही, पण बाईच्या अक्षरात चालतं असं दिसतं. घे.

'बा देवा म्हाराजा! आज ह्या जत्रेच्या दिवशी तुझी सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत.' (व्हय म्हाराजा!)

'बारा-पाच मानकऱ्यांची जी काय सेवा आसा, ती गोड करून घे.' (व्हय म्हाराजा!)

'जे कोण पोटापाण्यासाठी मुंबयक गेले, दर्यार गेले, तेंका सुखान परत हाड.' (व्हय म्हाराजा!)

'घरादाराक, गुराढोरांक, शेतीभाताक सांभाळ.' (व्हय म्हाराजा!)

'वाकडा आसात ता सरळ कर. कोणाची नजर वाकडी आसात तर ती तूच सरळ कर.' (व्हय म्हाराजा!)

'शाळेमागची जी तुझी जागा आसा, ती पोरांच्या मळ्यासाठी रवांदे, आणि पोरांच्या ताटात पालो पडांदे.' (व्हय म्हाराजा!)

'काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल, आणि सगळ्यांक सुखी ठेव.' (व्हय म्हाराजा!)

तू मूर्ख नाहीस, म्हणून लपवत नाही. शेवटून दुसरी ओळ बाबांची नाही, माझी आहे. बाकी सगळं जसंच्या तसं बाबांचं.

ती म्हणायची की गाळायची, ते तू ठरव. देवासमोर तू उभा राहणार आहेस, मी बायकांच्या रांगेत. गाळलीस तर मी काही करू शकणार नाही. पण तुला पक्कं माहीत आहे, गाऱ्हाण्यातल्या ज्या गोष्टीला गावाने 'व्हय म्हाराजा' म्हटलं, ती गोष्ट पुन्हा फिरवायची हिंमत आजवर कोणी केलेली नाही. म्हणून तर शेठना गाऱ्हाणं झाल्या झाल्या विचारायचंय. मी फक्त त्यांच्याआधी विचारते आहे, तेही तुझ्या तोंडून.

मंडळाला तुझी गरज आहे की तुला मंडळाची, याचाही बोटीत विचार कर. गाऱ्हाणं काही मोठं नाही. पाठ करून वेळ उरेल.

सुभद्रा

---

मुंबई
१४ नोव्हेंबर १९५७

सुभद्रा,

कार्ड लिहितो, कारण लांब लिहिण्यासारखं काही नाही. बाबांच्या गाऱ्हाण्यात तू भर घातलीस हे मला मुळीच आवडलं नाही. गाऱ्हाणं म्हणजे तुझ्या शाळेचा फळा नाही, मनात येईल ते लिहायला. ती ओळ मी म्हणणार नाही. बाकीचं पाठ करतो आहे. शेठबरोबर बोटीने येतोय.

भाई

---

हेदवण
९ डिसेंबर १९५७

भाई,

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच तू शेठच्या भाड्याच्या मोटारीतून मालवणला गेलास. ना घरी चहा प्यायलास, ना माझ्याशी बोललास. देवळात तुझा मफलर राहिला, तो पार्सलने पाठवते आहे. आणि पत्र एवढ्यासाठी की गाऱ्हाणं घालताना तुझे डोळे मिटलेले होते. त्यामुळे समोर काय झालं हे तू सोडून अख्ख्या गावाला माहीत आहे. तुला कोणी नीट सांगणार नाही म्हणून मी सांगते.

तू उभा राहिलास तेव्हा मी तुझ्याकडे बघतच नव्हते. तुझ्या कार्डाने माझं मन उठलं होतं. मी खालच्या वाडीच्या बायकांमध्ये बसून ठरवत होते, शेठनी जागा मागितली की काय करायचं. बाईने मध्ये बोलायचं की नाही. बोलायचंच, असं ठरवून पदर खोचला होता.

तू सुरू केलंस. आवाज बाबांसारखा निघाला, हे कबूल करते. लोक 'व्हय म्हाराजा' म्हणत होते, आणि सगळ्यांत मोठा आवाज शेठचा. पहिल्या रांगेत, हात जोडून, डोळे मिटून. मुंबईच्या माणसाला गावच्या देवासमोर जोर येतो तसा आला होता.

'वाकडा ता सरळ कर' झालं. आणि तू थांबलास. मला वाटलं, विसरला. मग तू म्हणालास, "शाळेमागची जी तुझी जागा आसा, ती पोरांच्या मळ्यासाठी रवांदे..."

भाई, माझ्या हातातला नारळ खाली पडला. आणि तू एवढ्यावर थांबला नाहीस! "...आणि ज्या बाबून त्या मळ्यात कावडीन पाणी शिपला, तेचा नाव थंयच रवांदे!" हे मी लिहून दिलं नव्हतं. ही ओळ तुझी.

"व्हय म्हाराजा!"

देवळाचे वासे हलले. शेठनी सगळ्यांच्या वर आवाज काढला. शिंक यावी तसा तो त्यांच्या तोंडून निघाला. मग त्यांनी डोळे उघडले. आधी तुझ्याकडे बघितलं, मग डावीकडे, मग उजवीकडे, आणि मग आपल्याच जोडलेल्या हातांकडे. ते सोडावेत की तसेच ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. बाबली माझ्याकडे बघून एवढं हसला की त्याची बायको आमच्या रांगेतून त्याच्याकडे बघून डोळे वटारत होती.

गाऱ्हाणं संपलं. सगळे शेठकडे बघत होते, आता जागेचं विचारतात की काय. शेठ उठले. धोतर सावरलं. तेवढ्यात सत्यवानकाका बसलेल्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "शेठ, जागेचा काय ता आताच देवाकडे झाला. तुमीच तर मोठ्यान व्हय म्हटलास. बसा." आणि शेठ बसले.

तू का म्हटलंस ते मला कळलेलं नाही. कार्डात तर तू स्वच्छ नाही म्हटलं होतंस. मी तुझ्याबद्दल वाईट विचार केले ते सगळे परत घेते, पण कारण सांग.

तुझी,
सुभद्रा

---

गिरगाव, मुंबई
२० डिसेंबर १९५७

प्रिय सुभद्रे,

मफलर मिळाला. त्यात गुंडाळलेली वालीची शेंगही मिळाली. तुझी वहिनी म्हणते, ती भाजी करायला एक शेंग पुरत नाही, पुढच्या वेळी पोतं पाठव.

कारण विचारतेस. मी ती ओळ गाळणारच होतो. बोटीत पाठ करताना तिथे आलो की मी थुंकी गिळून पुढे जायचो. जत्रेच्या दिवशी दुपारी गावात पोचलो तो तडक शाळेत आलो, तुझ्याशी भांडायला. तू देवळाकडे गेली होतीस. मळ्यात पोरं होती. एक चुणचुणीत मुलगी पुढे आली, म्हणाली, "बाई नाय. तुमी कोण?" मी म्हटलं, बाईंचा भाऊ. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मगे जेवल्याशिवाय जावक गावाचा नाय." पोरांनी मला केळीच्या पानावर पेज आणि लाल भाजी वाढली. खोबरं घातलेली. सुभद्रे, मी मुंबईत आठ वर्षं जेवतो आहे, पण जेवल्यासारखं त्या दिवशी वाटलं. मी पुन्हा मागून घेतली. भांडायचं मनात होतं, ते पोटाने ऐकलं नाही.

निघेपर्यंत तिन्हीसांज झाली. व्हाळावरच्या बांधावरून देवळाकडे यायला निघालो. मला रस्ता दिसेना. इतकी वर्षं विजेच्या दिव्यात काढल्यावर गावचा काळोख नवा झालाय. एक पाय चिखलात गेला. ती मुलगी मागून धावत आली, माझा हात धरला. "काकानू, थंय नको, हयसून येवा. माका दिसता." मी विचारलं, नाव काय तुझं? म्हणाली, "मथुरा."

त्यानंतर मला ओळ गाळता आली नाही, बस. मंडळ, शेठ, चिटणीसपद, कशाकशाचं भान राहिलं नाही. डोळे मिटले ते भीतीने. बाबूआजोंची पुस्ती तिथल्या तिथे सुचली. इतकी वर्षं कारकुनी केल्यावर एवढं कळतं की मोठ्या माणसाची इच्छा मोडायची असेल तर त्याच्या बापाचं नाव आधी घ्यावं.

परत येताना बोटीत शेठ माझ्याकडे पाठ करून बसले. विजयदुर्ग आलं, बोट थांबली, तेव्हा कठड्याला टेकून म्हणाले, "बापाशीच्या कावडीचा तुका कोणी सांगला?" मी म्हटलं, भैणीन. मग म्हणाले, "माझ्या खांद्यार पण ल्हानशी कावड होती. आठ वर्सांचो होतंय. त्या मळ्यातले मुळे असले मोठे येयत..." आणि हात करून दाखवला. मला वाटलं, राग गेला.

गेला नव्हता. परवाच्या बैठकीत मला चिटणीसपदावरून काढलं. शेठ म्हणाले, देव देवाच्या जागी, मंडळ मंडळाच्या जागी, आणि मंडळाला भैणीचो भाऊ चिटणीस नको. मी उठून म्हटलं, "शेठ, भैणीचो भाऊ म्हणानच तर मी आसंय." आणि चप्पल घालून बाहेर आलो. घरी आल्यावर तुझ्या वहिनीने कारण ऐकलं आणि शिरा केला.

रंगमंदिर देवळाशेजारी होणार, हेही त्याच बैठकीत ठरलं. शेठनीच ठरवलं.

तुझा,
भाई

---

हेदवण
५ डिसेंबर १९६०

प्रिय भाई,

यंदा वहिनीच्या बाळंतपणामुळे तुला जत्रेला येता आलं नाही, याचं गावाला वाईट वाटलं आणि मला राग आला. मुलगी झाली हे ऐकून राग गेला. तिला दात आले की पाठवून दे, बाकीचं मी बघते.

तुझ्याऐवजी सत्यवानकाकांनी गाऱ्हाणं घातलं. नवे दात बसवलेत, त्यामुळे आवाज फुटतो पण शब्द शिट्टीसारखे येतात. मथुरा आता सहावीत आहे, ती हसू दाबून माझ्या शेजारी बसली होती. मळ्यात यंदा एवढे मुळे आलेत की दोन गाड्या देवळात प्रसादाला दिल्या. झाऱ्यांच्या जुन्या डब्यांचे तळ गंजून गेले. शेठनी यंदा नवे पाठवलेत, पितळेचे. नाव कोरलेलं आहे, आणि भोकं तिकडूनच पाडून आलीत.

तर काका गाऱ्हाणं घालत होते. गुराढोरांचं झालं, वाकड्या नजरेचं झालं, आणि काका एकदम 'चुकला-माकला' वर आले. मळ्याची ओळ राहिली! गावात आता दोन नवे मानकरी आहेत, त्यांचा शाळेमागच्या जागेवर डोळा आहे. ही ओळ एकदा गाळली गेली की गाळलीच. मी म्हटलं, झालं तेवढं पुरे, बाई असले तरी आज ओरडायचं. मथुरेचा हात धरला, उभी राहिले, तोंड उघडलं.

तेवढ्यात पुरुषांच्या पहिल्या रांगेतून आवाज आला.

"काका, थांबा! मळ्याचा रवला!"

हरिश्चंद्रशेठ. हात जोडलेले, पण डोळे सताड उघडे. त्या वर्षापासून देवासमोर ते डोळे मिटत नाहीत.

काका गोंधळले. म्हणाले, "रवला तर रवला. पुढल्या वर्सा घेव."

"पुढल्या वर्सा कित्याक?" शेठ भडकले. "बापजाद्यांपासून चलत इल्ला ता! अर्धवट गाऱ्हाणा माझ्या माथ्यार नको. म्हणा!"

बापजाद्यांपासून, भाई! आणि देवळात एक माणूस हसला नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी माना हलवल्या, हो, पूर्वीपासूनचंच आहे म्हणून. ते दोन नवे मानकरीसुद्धा खाली बघत राहिले.

काका सुटलेल्या जागी मागे आले आणि त्यांनी ओळ म्हटली, पोरांचा मळा, ताटातला पाला, बाबूची कावड, सगळं.

मी उभीच होते. बसायचं विसरले होते. लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं, आणि त्यांच्याबरोबर मीही म्हटलं, मोठ्याने, बायकांच्या रांगेतून. माझ्या मागून मथुरेने म्हटलं, तिच्या मागून लक्ष्मीने, आणि मग सगळ्या खालच्या वाडीच्या बायकांनी. काकांनी आमच्याकडे वळून बघितलं. आई असती तर मला मारलं असतं.

मग काका पुढच्या ओळीवर गेले.

तुझी,
सुभद्रा